संगणकांतील जीवसृष्टि आणि बीडची कपाशी

संगणकाच्या पडद्यावर कृत्रिम प्राणी निर्माण करून त्यांची उत्क्रांति पाहण्याचा उद्योग विद्वान लोक कित्येक वर्षें करीत आले आहेत. हा रिकामपणचा खेळ आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं बीड जिल्ह्यांतील गेवराई-माजलगांवकडील कपाशीच्या शेतांकडे एकवार पाहावें, अशी आमची विनंति आहे.

१९८६ सालीं रिचर्ड डॉकिन्स यांनीं अवघ्या नऊ जनुकांवरून रेषाकृति प्राणी घडविले. १९९४ मध्यें कार्ल सिम्स यांनीं पुढचें पाऊल टाकिलें. त्यांच्या प्राण्यांचा जनुकसंच म्हणजे जणूं बांधकामाचा नकाशा. एका अवयवाची आज्ञा पुनःपुन्हां वाचली कीं तसेच अनेक अवयव उत्पन्न होत. अवयवास हालविणारी मज्जारचना त्याच आज्ञेंत गोंवलेली असल्यामुळें पायाबरोबर पायाची चालही येई. परंतु केवळ वेगावरून निवड केली, तर उंच वाढून नुसतें कोसळणारा प्राणीही वेगवानच ठरे! म्हणून त्यास आधीं भूमीवर स्थिरावूं देऊन मगच वेग मोजण्याची तजवीज सिम्स यांस करावी लागली.

निसर्गानेंही आमच्या शेतकऱ्यांस असाच चकवा दिला. २००२ सालीं बीटी कपाशीस सरकारी परवानगी मिळाली. २००६ मध्यें दोन विषजनुकांचें वाण आलें. तरीही गुलाबी बोंडअळींत तें विष पचविणारे वंश निपजले, आणि २०१७ च्या हंगामांत बीडसह मराठवाड्यांतील बोंडें तिनें पोखरलीं. उपाय ठाऊक होता. कडेनें बिगर-बीटी कपाशी लावावी, म्हणजे तेथील साध्या पतंगांशीं विरळ विषसह पतंगांचा संकर होऊन संततींत तो गुण दबून राहतो. त्यासाठीं ४५० ग्रॅम बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साधें बीं दिलें जाई. पण अळीसाठीं रान कोण सोडणार? तें बहुधा पेरलेंच गेलें नाहीं.

संगणकांतील पतंगांस जनुकाची एकच प्रत दिली, तर गुण दबून राहण्यास वावच नाहीं. मातापित्यांकडून आलेल्या दोन प्रती दिल्या तरच कडेच्या ओळींचें मर्म उमगतें. आपल्या मुलामुलींनीं हा प्रयोग घरच्या संगणकावर अवश्य मांडावा. मात्र त्यांत शेतकऱ्यासही एक पात्र करावें. कारण जो नियम पाळणाराच्या पदरीं केवळ तोटा घालतो, तो शेतांत टिकत नाहीं.