त्रेचाळीस सालचा शिधा

१९४२ च्या मार्च महिन्यात रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशी तांदळाची वाट बंद झाली, तेव्हा त्या तांदळावर थोड्याफार प्रमाणात विसंबलेल्या मुंबई आणि बंगाल या दोन्ही प्रांतांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. परंतु त्याची उत्तरे इतकी भिन्न निघाली की त्या काळाचा मागोवा घेताना मन विषण्ण झाल्यावाचून राहत नाही. मुंबई शहरात मे १९४३ मध्ये शिधावाटपाचा अंमल सुरू झाला. रांगेतल्या खोळंब्याबद्दल आणि निकस धान्याबद्दल लोकांची कुरकुर पुष्कळ होती, व ती रास्तही होती. तथापि गिरणीकामगाराच्या खोलीतले आणि शेठजींच्या बंगल्यातले धान्य माणशी मापाने सरकारी हुकुमान्वये ठरू लागले, ही गोष्ट लहान नव्हती.

बंगालमध्ये शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्याकडील जिल्ह्यांतल्या होड्या सरकारने ताब्यात घेतल्या किंवा मोडल्या, त्यामुळे कोळ्यांचा धंदा बुडाला आणि धान्याची ने-आण खुंटली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरवर वादळ कोसळले. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांसाठी स्वस्त धान्याची तजवीज झाली, आणि ज्याच्या मजुरीत महागाईच्या मानाने वाढ झाली नव्हती तो खेड्यातला भूमिहीन मजूर, मणाला ३० रुपयांवर चढलेल्या तांदळाच्या बाजारात एकटा उरला. पुढे हीच माणसे शहरात आली आणि भात नव्हे, तर भात वेळल्यावर उरणारी पेज डबा पुढे करून दारोदार मागू लागली.

सरकारी अन्नछत्रे उघडली खरी, परंतु त्यांतल्या पातळ खिचडीत ज्वारी-बाजरी बरीच असे. आपल्या देशावरच्या शेतकऱ्याचे जे रोजचे बळ, तेच धान्य जन्मभर भातावर वाढलेल्या व उपासमारीने आतडी दुबळी झालेल्या माणसाला पचेना. अतिसाराने तो अधिकच खंगे. दुष्काळनिवारणाचे सरकारी नियम सांगणारी दुष्काळसंहिता दप्तरात सिद्ध असताना बंगाल सरकारने दुष्काळ जाहीर केला नाही, हे मी अक्षम्य मानतो.

ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेल्या वेव्हेल यांनी लष्कर मदतीस लावले, हिवाळ्यातले भातपीकही चांगले आले. तरी हिवताप, पटकी आणि देवी यांनी कृश झालेली माणसे १९४४ मध्येही मरतच राहिली. वुडहेड चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. पुढील काही अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास नेली. कलकत्त्यात शिधापत्रिकेचा अंमल बसला तो जानेवारी १९४४ च्या अखेरीस, मुंबईनंतर जवळजवळ नऊ महिन्यांनी.