लागण आपली, खोडवा मुलांचा



या पानांत दर महिन्याला आपण टनेज, रिकव्हरी, पहिली उचल आणि अंतिम भाव यांविषयी बोलतो. ते बोलायलाच हवं. कारखाना आपला आहे, तेव्हा पै-पैचा हिशेब विचारण्याचा हक्कही आपलाच. पण मंडळी, माणसाच्या आयुष्याचाही एक ताळेबंद असतो आणि त्याची वार्षिक सभा काही कोणी बोलावत नाही. त्यात जमेला काय धरायचं आणि नावे काय टाकायचं, हे ज्याचं त्यानंच ठरवायचं असतं. आज थोडं त्याविषयी लिहावं असं आम्हाला वाटलं.

आम्ही हे पोथ्या वाचून लिहीत नाही. शेतकी खात्याच्या आणि शेअर विभागाच्या कामामुळे आमचं गटागटांत फिरणं होतं. ऊस नोंदीला बांधावर जातो, हंगामात फडावर जातो, आणि सभासद वारला म्हणजे त्याच्या दारातही जातो. पुढं वारस मंडळी मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि शेअर सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात येतात. गेलेल्या माणसानं जन्मभर काय कमावलं, ते त्या कागदांपेक्षा या मंडळींच्या बसण्या-बोलण्यावरून जास्त कळतं.

काही घरची भावंडं एका बाकावर बसतात, एकच चष्मा फिरवून अर्ज वाचतात, सह्या करतात आणि चहा घेऊन एकाच जीपमधून परत जातात. काही घरचे दोघे भाऊ मात्र दोन दारांनी आत येतात. भांडण हातभर बांधाचं. आधी तहसील, मग प्रांत, मग दिवाणी कोर्ट. बांधाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा तारखांत गेलेला. ऊस कुणाच्या नावे नोंदवायचा याचा निकाल लागत नाही म्हणून तोड लांबते, उन्हात ऊस वाळतो, वजन घटतं, बिल अडकतं. बापानं कर्ज काढून विहीर खणली होती ती दोघांसाठीच. आज तिच्या काठावर मोटारी दोन आहेत आणि बोलणं बंद आहे.

पैसा नको असं कोण म्हणतो?

आता कोणी म्हणेल, हे लागले कीर्तन करायला. तसं नाही. पैशाला कमी लेखणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर लबाड. औषधाची चिठ्ठी पैशानं सुटते, पोरीची फी पैशानं भरते, सोसायटीचं देणं पैशानं फिटतं. उसाला भाव मिळालाच पाहिजे, त्यासाठी भांडलंही पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच, की पैसा हे खत आहे, पीक नव्हे. नुसत्या खताची रास लावून ठेवली तर वावरात काही उगवत नाही.

अंत्यविधीहून परतताना माणसं काय बोलतात ते एकदा कान देऊन ऐका. "त्यानं एकरी शंभर टन काढला" असं कोणी बोलत नाही. बोलतात ते असं: "माझी लागण करपायला लागली होती. त्याची पाळी असताना रात्री दोनला स्वतःची मोटार बंद केली आणि पाणी मला दिलं." "माझ्या पोरीच्या लग्नात तो तीन दिवस आधी येऊन मांडवाला लागला." गेलेल्या माणसाच्या खाती लोक हेच जमा धरतात.

यात कोणाला बाहेरचा दाखला हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेत १९३८ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तिथले काही विद्यार्थी निवडले. पुढं बोस्टन शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांचाही अभ्यास त्यात जोडला गेला. या माणसांची प्रकृती, कामधंदा, संसार यांची नोंद त्यांनी म्हातारपणापर्यंत ठेवली. ऐंशी वर्षांहून अधिक चाललेल्या या अभ्यासाचा मोठा निष्कर्ष असा, की पन्नाशीत ज्यांची घरच्यांशी आणि मित्रांशी जवळीक होती, तीच माणसं ऐंशीला जास्त धडधाकट राहिली. संपत्ती आणि नावलौकिक यांचं स्थान त्याच्या खालचं. आपल्या आजीनं हे कागदाशिवाय सांगितलं असतं. पण आजीचं आपण ऐकत नाही, म्हणून डॉक्टरांचं सांगितलं.

शब्दावर उभं राहिलेलं

आपलं सहकाराचं घर तरी कशावर उभं राहिलं? रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा तेव्हा शेकडा तीनच्या आसपास होता आणि सावकारांचा शेकडा सत्तरच्या जवळपास. अशा काळात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या बेताच्या शिक्षणाच्या शेतकऱ्यानं आणि धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञानं मिळून कारखाना उभा केला. १९५०-५१ च्या सुमारास त्याचं धुराडं पेटलं. शेअरची रक्कम देणाऱ्या शेतकऱ्यानं तोवर असा कारखाना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्यानं पाहिलं ते मागायला आलेल्या माणसाचं तोंड. पैसे दिले ते शब्दावर.

साताऱ्याचं उदाहरण तर घरोघर माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं साताऱ्यात वसतिगृह चालवलं. नाना जातींची मुलं एका पंगतीला बसत. एकदा घरात दाणा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र देऊन मुलांना जेवू घातलं. या माउली १९३० साली गेल्या. त्यांच्या नावावर इस्टेट राहिली नाही. पण त्या पंगतीत जेवलेल्या मुलांची नातवंडं आज कुठं कुठं आहेत ते मोजायला गेलं तर वही पुरणार नाही. आयुष्यात मोलाचं काय, याचं उत्तर त्या बाईनं एका दुपारी, कोणाला न विचारता दिलं.

आपल्या घरचं काय?

मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकून मान डोलावणं सोपं. आम्हाला जे बोचतं ते वेगळं आहे.

पहिली गोष्ट कर्जाची. कितीतरी घरांत घरधन्यानं कुणाकडून किती घेतलंय हे बायकोला तेराव्याच्या दिवशी कळतं. दारात माणूस येऊन उभा राहतो तेव्हा. जिवंत असताना तो एकटाच ते ओझं उरावर घेऊन झोपला, किंवा झोपलाच नाही. बायकोला काळजी नको म्हणून लपवलं, असं म्हणतात. पण काळजी वाटून घेतली की अर्धी होते आणि लपवली की दामदुप्पट वाढते. घरच्या माणसांपाशी मन मोकळं करता येणं, ही आमच्या मते पहिली श्रीमंती.

दुसरी गोष्ट लेकीबाळींची. महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली कायदा बदलला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला. बाप २००५ पूर्वी गेलेला असला तरी तो हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. तरी आम्ही काय पाहतो? भाऊबीजेला ज्या बहिणीला बोलावणं गेलं नाही, तिला हक्कसोडपत्राच्या सहीला मात्र गाडी पाठवतात. तिनं राजीखुशीनं सोडलं तर तो तिचा मोठेपणा. पण सही झाल्यावर गाडी पुन्हा त्या वाटेला जात नसेल, तर आपण जमीन राखली आणि माहेर मोडलं.

तिसरी गोष्ट आपल्या फडातल्या माणसांची. कोयत्याची जोडी घरदार सोडून येते, कोपीत राहते, पोर उसाच्या सरीत पाचटावर झोपतं. आपल्या बिलातला प्रत्येक रुपया त्यांच्या हातातून जातो. त्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी देणं, बाई आजारी असेल तर गाडी काढून दवाखान्यात नेणं, पोराला गावातल्या शाळेत बसवणं, याला काही फार पैसा लागत नाही. ज्या सभासदानं हे केलं, त्याच्या फडावर पुढल्या साली त्याच टोळ्या हसत येतात. हेही आम्ही पाहिलं आहे.

खोडव्याचा धडा

ऊस लावणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. खोडव्याला नवं बेणं लागत नाही, तो जुन्याच बुडख्यांतून फुटतो. लागणीला मशागत नीट झाली असेल, मुळ्या खोल गेल्या असतील, तर खोडवा जोमानं येतो. लागणीलाच हयगय केली तर मागून कितीही युरिया ओता, तुटाळ पडायची ती पडतेच. घराचंही तसंच. आपण भावाशी कसं बोललो, मजुराशी कसं वागलो, बायकोचा सल्ला घेतला की नाही, हे पोरं ओट्यावर बसून बघत असतात. उद्या ती तशीच फुटतात. आडसाली ऊस अठरा महिन्यांत हाती येतो, विश्वासाच्या पिकाला पिढी लागते. म्हणून त्याची लागण लांबणीवर टाकून भागत नाही.

तेव्हा या महिन्यात दोन कामं करावीत, अशी आमची हात जोडून विनंती. शेअर विभागात येऊन आपल्या नामनिर्देशनाचा कागद तपासून घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० प्रमाणे सभासदाच्या मागे शेअर्स वर्ग करायला तो कामी येतो. मात्र मिळकतीत कोणाचा वाटा किती, हे वारसा कायद्यानंच ठरतं, तेव्हा ते बोलणंही सर्वांना समोर बसवून हयातीतच उरकावं. देणं-घेणं एका वहीत लिहा आणि ती वही कुठं ठेवली ते घरात सांगा.

दुसऱ्या कामाला अर्ज नाही, फी नाही. ज्या भावाच्या, बहिणीच्या किंवा शेजाऱ्याच्या दारात बरेच दिवस पाय ठेवला नसेल, तिथं जा. बांधाचा विषय काढू नका. पाऊसपाण्याचं बोला, पोरांचं विचारा, चहा घ्या. चहात आपल्याच कारखान्याची साखर असेल, ती दोघांच्या उसाची आहे.