भिंत पडली तरी उभा राहणारा वाडा

देगलूर-उदगीर भागातला जुना माळवदाचा वाडा रस्त्यावरून पाहिला तर अस्सल दगडी वाटतो. दोन-तीन फूट जाड भिंती, खिडक्या मोजक्याच, वर मातीचे सपाट छत. पण ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, शिरून मान वर केली की वेगळेच दिसते: या घराचा भार दगडाने नव्हे, लाकडाने उचललेला आहे!

खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर आडवे नाट, नाटांवर लाकडी पट्ट्यांचे किलचन आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर केवढे, हे खणांतच सांगायचे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हीच माती घर थंड ठेवते. मात्र फूटभर माती म्हणजे दर चौरस मीटरला साधारण पाचशे किलो ओझे. त्यात पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती पडते आणि पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाढत जाते. ते पेलायला सागासारखेच लाकूड हवे, आणि सागाची जंगले देगलूरच्याच नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूरकडे आहेत.

आता कोरीवकाम कुठे आहे ते बघा. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हात पसरावेत तसा एक आडवा ठोकळा असतो. तुळईला तो दोन बाजूंनी आधार देतो, तिचे अधांतरी अंतर कमी करतो, म्हणून ती कमी वाकते. सुताराने पाकळ्या, केळफूल, वेलबुट्टी कोरली ती नेमकी इथे. तळाशी, जिथे खांब दगडावर टेकतो, तिथे पुन्हा कमळ. जिथे भार एका भागातून दुसऱ्यात उतरतो, तिथेच फूल उमलते! दाराच्या चौकटीवर मधोमध गणपती असतो. कल्याणी चालुक्यांच्या मंदिरांत दारावरची ही मधली जागा, ललाटबिंब, देवतेसाठी राखलेली असे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला त्याच काळातली मंदिरे आहेत. देवळाची दगडातली भाषा घराच्या लाकडात अशी उतरली असावी.

मोठ्या दारातला दिंडी दरवाजा बुटका. आत येणारा कितीही मोठा असो, वाकूनच येतो.

हजारो किलोमीटरवर, सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला, आचे प्रांतातल्या पारंपरिक घरातही पाहुणा असाच वाकून शिरतो. ते घर माणसाच्या उंचीच्या खांबांवर उभे असते. वर जायला जिना, पायऱ्या विषम संख्येच्या. लांबी पूर्व-पश्चिम धरतात, कारण तिथून मक्का पश्चिमेला. दोन मुख्य खांबांना राजा आणि राजकन्या म्हणतात. त्रिकोणी दर्शनी फळीवर वेली-फुलांची जाळी कोरतात. ती शोभाही देते आणि वाराही आत सोडते. तिथेही नक्षी बिनकामाची बसत नाही. खांब जमिनीत न पुरता दगडांवर टेकवतात, आपल्या तळखड्यासारखेच. त्यामुळे ओल आणि वाळवी लांब राहते. भूकंपात घराला जरा हलायलाही वाव मिळतो.

आपल्याकडे या रचनेची कसोटी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लागली. किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि हजारो माणसे गाडली गेली. भिंतीवरच टेकलेली माळवदे भिंतीबरोबर कोसळली. लाकडी खणांच्या काही घरांत मात्र भिंत पडूनही खांब-तुळयांचा सांगाडा छतासकट उभा राहिला. अर्थात, त्या घरांतही ढासळणारी भिंत जीव घेऊ शकत होती. लाकडाने आपले काम केले. दगड-माती एकमेकांना धरून राहिली नाही.

या लाकडी सांगाड्यांचे सांधे खाचा पाडून, खुंट्या ठोकून बसवलेले, म्हणून जसे जोडता येतात तसे सोडवताही येतात. आचेतले घर असेच सोडवून दुसरीकडे पुन्हा उभारता येते. विकायचे झाले तरी अख्खे घर म्हणून विकता येते. आपले वाडे सुटे होऊन विकले जातात. चौकट एका हॉटेलात, खांब दुसऱ्याच्या बंगल्यात. पाकळ्या तशाच राहतात, पण ज्या ओझ्यासाठी त्या कोरल्या ते त्यांच्या डोक्यावर नसते. म्हणून असा खांब दिसला की नक्षीच्या वर काय टेकले आहे, हे आधी बघावे.