बहुपुटी अंडाशय संलक्षण आणि पेशींचे जरण

बहुपुटी अंडाशय संलक्षण (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, संक्षेपाने पीसीओएस) हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये आढळणारा अंतःस्रावी विकार आहे. बोलीभाषेत त्यास 'पीसीओडी' असेही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या वयोगटातील सुमारे ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो व त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांमध्ये त्याचे निदान झालेले नसते. हा विकार पेशींच्या वार्धक्याशी निगडित आहे काय, हा संशोधनाचा विषय आहे.

स्वरूप

इर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल या शिकागोतील डॉक्टरांनी १९३५ साली सात रुग्णांच्या आधारे या विकाराचे वर्णन केले. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित बीजमोचन, पुरुषी संप्रेरकांचे (अँड्रोजेन) आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारी अंडाशयाची बहुपुटी रचना या तिहींपैकी दोन लक्षणे असल्यास, तत्सम अन्य विकार वगळून, निदान केले जाते. अंडाशयात 'गाठी' झाल्या, असे सर्रास म्हटले जाते. ते दिशाभूल करणारे आहे. त्या गाठी नसून वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटके असतात.

टेलोमिअर

गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर हे संरक्षक खंड असतात. बुटाच्या नाडीचे टोक उसवू नये म्हणून त्यावर टोपण बसवलेले असते, तसेच हे. दर पेशीविभाजनागणिक ते थोडे आखूड होतात व फारच आखूड झाले की पेशीचे विभाजन थांबते. टेलोमरेज हे विकर ही झीज काही पेशींत भरून काढते. या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पीसीओएसमध्ये इन्सुलिन-रोध, दीर्घकालीन सौम्य दाह आणि ऑक्सिडीकरणाचा ताण बहुधा एकत्र आढळतात. टेलोमिअरमध्ये ग्वानिन या घटकाचे प्रमाण मोठे असल्याने ऑक्सिडीकरणाने त्यांची हानी लवकर होते. त्यामुळे या स्त्रियांचे टेलोमिअर आखूड असावेत, हे अनुमान स्वाभाविक होते. प्रत्यक्षात पांढऱ्या रक्तपेशींवरील अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत: काहींत टेलोमिअर आखूड आढळले, काहींत फरक दिसला नाही. लठ्ठपणाचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते, हे याचे एक कारण. दुसरे अधिक रंजक आहे. पुरुषी संप्रेरके टेलोमरेजला चालना देऊ शकतात; २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, टेलोमिअरचे विकार असलेल्या रुग्णांना त्याच वर्गातील डॅनाझॉल हे औषध दिल्यावर टेलोमिअरची लांबी वाढल्याचे आढळले. म्हणजे एकाच विकारात झीज घडवणारे आणि झीज रोखू शकणारे घटक शेजारी नांदत असण्याची शक्यता आहे.

अंडाशयाचे वय

'पीसीओएस म्हणजे अकाली म्हातारपण' हा समज मात्र निराधार आहे. या स्त्रियांच्या अंडाशयात बीजपुटकांचा साठा तुलनेने मोठा असतो, बीजपुटकांतून स्रवणाऱ्या अँटिम्युलेरियन संप्रेरकाची रक्तातील पातळी अधिक असते, वय वाढेल तशी अनेकींची पाळी नियमित होऊ लागते आणि रजोनिवृत्तीही काहीशी उशिरा येण्याकडे कल असतो. तथापि साठा आणि गुणवत्ता या भिन्न गोष्टी आहेत. वयाबरोबर स्त्रीबीजातील गुणसूत्रांचे दोष वाढतात, त्याला पीसीओएस अपवाद नाही. मोठ्या साठ्याच्या भरवशावर अपत्यप्राप्ती लांबवणे म्हणूनच सयुक्तिक ठरत नाही.

वैद्यकीय महत्त्व

टेलोमिअरची लांबी मोजणे हा पीसीओएसच्या निदानाचा किंवा उपचाराचा भाग नाही. 'पेशींचे वय' सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांपेक्षा रक्तातील साखर, रक्तदाब आणि मेद यांची साधी तपासणी या स्त्रियांना कितीतरी अधिक उपयोगी पडते, कारण टाइप २ मधुमेहाचा धोका त्यांच्यात वाढलेला असतो. उपचारांविना पाळी दीर्घकाळ न आल्यास गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. नियमित व्यायाम आणि संतुलित आहार यांनी इन्सुलिन-रोध कमी होतो. त्यामुळे टेलोमिअर पुन्हा लांब होतात, असे मात्र सिद्ध झालेले नाही.