वाळवीने खाल्लेला शब्द

मराठीच्या प्राध्यापकाकडे माणसे कशासाठी येतात? लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन, सत्काराचे मानपत्र, फार तर एखाद्या पुढाऱ्याचे भाषण. गेल्या पावसाळ्यात चामोर्शीला माझ्या घरी आमच्या वहिनी आल्या, त्या मात्र एक जुनी डायरी घेऊन. शेवटचे पान उघडून त्यांनी ते माझ्यापुढे धरले.

“हे का लिवलं आहे जी भाऊजी?”

माझा मावसभाऊ शाळामास्तर होता. २०२३ साली तो हृदयविकाराने अकस्मात गेला. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या त्याला बिटकॉइनचा नाद लागला, एवढे घरात सर्वांना माहीत होते. ते ठेवले कोठे, हे कोणालाच माहीत नव्हते. बँकेचे पासबुक सापडले, विम्याचे कागद सापडले, पण याचा पत्ता नाही. फोन तर त्याच्या आधीच बंद पडलेला. डायरी निघाली ती धानाच्या पावत्यांखाली, लाकडी पेटीत. पानावर क्रमांक घालून बारा इंग्रजी शब्द लिहिलेले. अर्थाने एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. आणि नवव्या शब्दापाशी वाळवी पोचलेली! सी, आर, ओ ही तीन अक्षरे शिल्लक, पुढे भोक.

कोणीतरी वहिनींना सांगितले होते, की नागपूरला एक गृहस्थ आहेत, ते असले अडकलेले पैसे सोडवून देतात. पानाचा फोटो तेवढा पाठवायचा. वहिनी पाठवणारच होत्या. पण आधी भाऊजींना विचारावे असे त्यांच्या मनात आले, आणि तेवढ्यावर सारे वाचले.

वाचकहो, या बारा शब्दांचे मर्म मलाही तेव्हाच कळले. पुतण्या संगणक शिकतो, त्याने समजावून दिले. बिटकॉइन फोनमध्ये नसतेच मुळी. ते एका जाहीर खातेवहीत असते. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. त्या वहीतील आपली रक्कम हलवण्याचा अधिकार देणारी एक प्रचंड संख्या, तिलाच किल्ली म्हणतात. ती माणसाला लिहून ठेवता यावी म्हणून २०१३ साली एक रीत निघाली. २०४८ साध्या इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी, आणि यंत्राने त्यातून काढून दिलेले बारा किंवा चोवीस शब्द. बारा शब्दांच्या अशा ग्राह्य जुळण्या किती होतात? ३४ वर ३७ शून्ये मांडा! तेव्हा अंदाजाने कोणी चोरी करील ही भीती नाही. भीती आहे ती शब्द दिसण्याची. ज्याने ते पाहिले तो मालक. त्याला ना तुमची सही लागत, ना ओळखपत्र.

पुण्याचे उदाहरण आठवा. २०१८ च्या बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी दोन जाणकार मदतीला घेतले होते. मार्च २०२२ मध्ये त्यांनाच अटक झाली. आरोप असा, की तपासात हाती आलेले आभासी चलन त्यांनी स्वतःकडे वळवले. मग किल्ली बाजारवाल्यांकडेच राहू द्यावी, असे म्हणाल, तर मूळच्या मुंबईच्या वझीरएक्सचे काय झाले? १८ जुलै २०२४ रोजी तेथून २३ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम चोरीस गेली. तिथे तर व्यवहाराला एकाहून अधिक सह्या लागत होत्या.

हे सर्व ऐकताना मला सारखे महानुभाव आठवत होते. (धंद्याचा दोष, दुसरे काय!) आपले धर्मग्रंथ परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी सकळ लिपी योजली, सुंदरी लिपी योजली. अक्षरे आपलीच, पण एकाच्या जागी दुसरे. ती किल्ली पंथाबाहेर इतकी घट्ट बंद राहिली, की विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती उलगडीपर्यंत मराठीचे आद्य गद्य मराठी वाचकालाच अपरिचित होते. पण त्याच पंथाची दुसरी एक कथा आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि हिराइसा या एकपाठी बाईच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. लिपी चोरापासून राखते, हिराइसा विस्मृतीपासून. माझ्या भावाने लिपी उत्तम सांभाळली. हिराइसा मात्र त्याने घरात कोणालाच केले नाही.

असो. तुटलेला पाठ जुळवणे हा तर आमचा व्यवसाय. मी ती यादी मागवली. तिच्यातील कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नसतात, ही त्या योजनाकारांची मोठीच दूरदृष्टी. सी-आर-ओने सुरू होणारे शब्द निघाले चार: क्रॉप, क्रॉस, क्राउच, क्राउड. शिवाय शब्दांच्या जुळणीत एक ताळा असतो. भलताच शब्द घातला तर सोळांतून साधारण पंधरा वेळा यंत्र तो नाकारते. पुतण्याने फोनचे इंटरनेट बंद केले आणि एकेक शब्द घालून पाहिला. चारांतील एकच स्वीकारला गेला. नंतर जोडणी सुरू करताच रक्कम दिसली. डोळे दिपावेत एवढी नव्हती, पण मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची काळजी मिटावी एवढी होती. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी डायरीवरून हात फिरवला.

लगेच पुढचा प्रश्न. ते शब्द आता मी पाहिले होते, पुतण्याने पाहिले होते. मीच आग्रह धरला, की नवे पाकीट करा, नवे बारा शब्द घ्या आणि सारी रक्कम तिकडे हलवा. पण ते शब्द लिहायचे कशावर? फोटो काढला तर तो फोनमधून कुठल्या कुठे जातो. कागदाला वाळवी आहे, वैनगंगेच्या पुराची ओल आहे. सहा शब्द आईकडे, सहा मुलीकडे, असे पुतण्याने सुचवले. पण एक अर्धा हरवला की दोन्ही गेले! दोन पूर्ण प्रती, दोन गावी, हेच बरे. आणि विम्याच्या कागदांबरोबर एक चिठ्ठी. शब्द तिच्यात नाहीत. असे धन आहे आणि कोणाला विचारायचे, एवढेच.

मला बाजारातले भांड्यांवर नावे घालणारे यंत्र आठवले. पोलादी डब्यांची दोन झाकणे घेतली आणि दुकानात गेलो.

“बोला सर, कोणाचं नाव घालू?”

आता याला काय सांगावे? शेवटी भाडे ठरवून यंत्रच तासभर घरी आणले. आत वहिनींची मुलगी शब्दांची पहिली चार-चार अक्षरे कोरीत होती, आणि मी ओसरीवर दाराकडे पाठ करून बसलो होतो. पहिले झाकण बिघडले. ते तिने खिळ्याने खरवडून टाकले आणि तिसऱ्या झाकणासाठी मला पुन्हा बाजारात पिटाळले.

एक झाकण वहिनींच्या घरी आहे. दुसरे कोणत्या गावी गेले ते मला ठाऊक आहे, पण संपादकांनी कितीही आग्रह केला तरी ते मी येथे लिहिणार नाही.