हरलेल्यांचा वाटा : न्यूयॉर्कच्या पाच निवडणुका (लेखांक सहावा)

पसंतीक्रमाच्या मतांची मोजणी कशी चालते, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिले. ही पद्धत कागदावर न्याय्य दिसते, हे तिचे टीकाकारही मान्य करतात. त्यांचा प्रश्न पुढचा असतो. लाखो मतदार, नाना वंशांची वस्ती आणि मुरलेली पक्षयंत्रणा असलेल्या खऱ्याखुऱ्या महानगरात तिचा निभाव लागेल का? याचे उत्तर तर्काने शोधायची गरज नाही. न्यूयॉर्क शहराने १९३७ ते १९४५ या काळात आपली नगर परिषद पाच वेळा याच पद्धतीने निवडली आणि १९४७मध्ये सार्वमत घेऊन ती पद्धत रद्द केली. ‘न्यूयॉर्कमध्ये हा प्रयोग फसला’ एवढ्या एका वाक्यात हा इतिहास पुष्कळदा गुंडाळला जातो. मला ते वाक्य मान्य नाही. ही पद्धत ज्या कामासाठी आणली गेली ते काम तिने पाचही वेळा केले, आणि ते काम झाल्यामुळेच तिला इतके शत्रू निर्माण झाले, असे त्या वर्षांचे आकडे सांगतात.

सुरुवात १९३५पासून करू. त्या वेळी शहराचा कारभार पाहणाऱ्या ‘बोर्ड ऑफ आल्डरमेन’मध्ये ६५ सदस्य होते. प्रत्येक सदस्य एकेका प्रभागातून यायचा आणि ज्याला सर्वाधिक मते तो निवडून यायचा, म्हणजे आपल्याला सवयीची असलेलीच पद्धत. डेमोक्रॅटिक पक्षाला त्या वर्षी सुमारे ६६.५ टक्के मते पडली आणि ६५पैकी ६२ जागा मिळाल्या. मतदारांतला एक तृतीयांश हिस्सा विरोधात होता, पण सभागृहात त्याच्या वाट्याला तीन खुर्च्या आल्या. याला मतपेट्यांमधली लबाडी कारणीभूत असावी लागत नाही. विरोधी मतदार शहरभर विखुरलेले असले, की ते प्रत्येक प्रभागात थोडक्यात हरतात, आणि थोडक्यात हरलेल्या मताची किंमत मोठ्या फरकाने हरलेल्या मताइतकीच, म्हणजे शून्य असते. शहराच्या डेमोक्रॅटिक राजकारणावर तेव्हा टॅमनी हॉल या पक्षयंत्रणेची पकड होती. सॅम्युअल सीबरी यांच्या चौकशीत भ्रष्टाचाराची प्रकरणे बाहेर आली, १९३२मध्ये महापौर जिमी वॉकर यांना राजीनामा द्यावा लागला आणि पुढच्याच वर्षी फिओरेलो ला गार्डिया महापौरपदी निवडून आले. महापौर बदलला तरी सभागृह टॅमनीच्याच हाती राहिले. एकतर्फी सभागृहात प्रश्न विचारणारेच कोणी नसते, ही गोष्ट सुधारणावाद्यांना या चौकशीने पटवून दिली. म्हणून १९३६मध्ये शहराची नवी सनद मतदारांपुढे ठेवली गेली, तेव्हा प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, म्हणजे पसंतीक्रमाच्या पद्धतीचा, प्रस्तावही स्वतंत्रपणे मतास टाकला गेला. दोन्ही मंजूर झाले.

नव्या पद्धतीत प्रभाग गेले आणि मॅनहॅटन, ब्रुकलिन, ब्राँक्स, क्वीन्स व रिचमंड हे शहराचे पाच मोठे विभाग हेच मतदारसंघ झाले. मतदाराने कागदी मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. निवडून येण्याचा कोटा ७५,००० मते असा आधीच ठरवलेला होता. कोटा पूर्ण केलेल्या उमेदवाराची अतिरिक्त मते पुढच्या पसंतीकडे जात. सर्वांत मागे पडलेला उमेदवार बाद होई आणि त्याच्या मतपत्रिकाही पुढच्या पसंतीकडे सरकवल्या जात. न्यूयॉर्कचे वेगळेपण असे, की जागांची संख्या आधी ठरलेली नसे. विभागात जितकी वैध मते, त्यांना ७५,०००ने भागून जागा ठरत आणि उरलेली मते ५०,००० भरली तर आणखी एक जागा मिळे. त्यामुळे परिषदेचा आकार मतदानाबरोबर बदलत राहिला. १९३७मध्ये २६ सदस्य होते, मग २१, पुन्हा २६, १९४३मध्ये १७ आणि १९४५मध्ये २३. १९३९ आणि १९४३मध्ये महापौरपदाची निवडणूक नव्हती, १९४३मध्ये तर महायुद्धही चालू होते, त्यामुळे मतदान घटले आणि सभागृहही आकसले. मला ही तरतूद बरी वाटत नाही. ज्या विभागात लोक मतदानाला कमी येतात त्याच्या शाळा, पाणी आणि रस्ते यांच्या गरजा काही कमी होत नाहीत. मात्र हा दोष न्यूयॉर्कने निवडलेल्या कोट्याचा आहे, पद्धतीचा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात १९४१पासून आजतागायत नऊ सदस्य याच पद्धतीने निवडले जातात आणि तिथे नऊचे आठ कधी झालेले नाहीत.

आता निकाल पाहू. १९४५मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला सुमारे ५९ टक्के मते आणि २३पैकी १४ जागा मिळाल्या. रिपब्लिकनांना १५ टक्के मतांवर ३, अमेरिकन लेबर पक्षाला १० टक्क्यांवर २, कम्युनिस्टांना ९ टक्क्यांवर २ आणि लिबरल पक्षाला ७ टक्क्यांवर २ जागा मिळाल्या. मतांची टक्केवारी आणि जागांची टक्केवारी शेजारी शेजारी लिहिली तर दोन-तीन टक्क्यांपलीकडे फरक सापडत नाही. बहुमत असलेल्या पक्षाकडेच बहुमत राहिले, फक्त ते खऱ्या मापाचे झाले. सभागृहात माणसेही वेगळी दिसू लागली. १९३७मध्ये ब्रुकलिनमधून जेनेव्हिव्ह अर्ल निवडून आल्या आणि पुढे त्यांनी अल्पमतातल्या गटाचे नेतृत्व केले. १९४१मध्ये हार्लेमचे धर्मगुरू ॲडम क्लेटन पॉवेल हे परिषदेतले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. पक्षाच्या कार्यालयातून नाव पुढे येण्याची वाट न पाहता संपूर्ण मॅनहॅटनमधल्या आपल्या पाठीराख्यांची मते एकत्र करण्याची सोय त्यांना या पद्धतीने दिली होती.

सर्वांत जहाल आक्षेप कम्युनिस्टांबद्दलचा होता. १९४१मध्ये ब्रुकलिनमधून पीटर काचिओनी आणि १९४३मध्ये मॅनहॅटनमधून बेंजामिन डेव्हिस निवडून आले, तेव्हा सोव्हिएत संघ हिटलरविरुद्ध लढत होता. १९४७ उजाडेपर्यंत जग बदलले होते. शीतयुद्ध सुरू झाले होते आणि ही पद्धत म्हणजे क्रेमलिनमधून आयात केलेला माल आहे, असा प्रचार झाला. हा प्रचार खोटा होता, कारण सोव्हिएत संघात एकाच पक्षाने मान्य केलेले उमेदवार उभे राहत आणि पसंतीक्रमाला तिथे थाराच नव्हता. तरी आक्षेपामागची चिंता प्रामाणिक धरून उत्तर देऊ. हुकूमशाहीचे गोडवे गाणाऱ्या पक्षाला लोकशाही शहराने दोन जागा का द्याव्यात? पहिली गोष्ट, त्या जागा मतमोजणीने निर्माण केल्या नव्हत्या. नऊ टक्के मतदारांनी ती मते दिली होती आणि मोजणी बदलून ते मतदार नाहीसे होणार नव्हते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एखादा पक्ष निवडणूक लढवण्यास अपात्र आहे असे ज्यांचे मत आहे, त्यांनी तसा कायदा मागावा आणि तो न्यायालयात टिकवून दाखवावा. मोजणीची पद्धत बदलण्यात एक घोर अन्याय होतो, कारण दोन जागा काढून घेण्यासाठी उरलेल्या सात विरोधी जागाही खर्ची पडतात. न्यूयॉर्कमध्ये तेच झाले.

बाकीचे आक्षेप व्यवहाराचे होते आणि त्यांतले काही खरे होते. १९३७मधली हाताने केलेली मोजणी कित्येक आठवडे रेंगाळली. यांत्रिक मतदानयंत्राला सरावलेल्या मतदारांना आकडे लिहायला लावल्याने मतपत्रिका बाद होण्याचे प्रमाणही वाढले. पण मोजणीचा वेळ ही सरावाने आणि यंत्राने सुटणारी अडचण आहे. केंब्रिजमध्ये १९९७पासून संगणकावर मोजणी होते. सभागृहाचे तुकडे होऊन कारभार ठप्प होतो, या आक्षेपाला १९३७चा आधार देता येतो, कारण तेव्हा २६पैकी १३ जागा अधिकृत डेमोक्रॅटांकडे आणि १३ इतर सर्वांकडे होत्या. पुढच्या परिषदांत मात्र स्पष्ट बहुमत होते. १९४१मध्ये ६४ टक्के मतांवर सुमारे ६५ टक्के जागा डेमोक्रॅटांकडे होत्या. सर्वांत वजनदार आक्षेप जवळिकीचा आहे. लाखो लोकांच्या विभागात अनेक सदस्य असले, तर गल्लीतला नळ फुटल्यावर कुणाकडे जायचे? प्रभाग पद्धतीची ही खरी ताकद आहे. शिवाय एकाच वस्तीत एकवटलेल्या अल्पसंख्याकांना प्रभागही न्याय देऊ शकतो. प्रभाग परत आल्यावर १९४९मध्ये हार्लेममधून अर्ल ब्राउन हे कृष्णवर्णीय उमेदवारच निवडून आले. न्याय मिळत नाही तो विखुरलेल्यांना. यावर मधला मार्ग आहे आणि तो वापरातही आला आहे. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडने २०२४मध्ये शहराचे चार भाग करून प्रत्येकातून पसंतीक्रमाने तीन, असे १२ सदस्य निवडले. त्या रचनेत नगरसेवक लांबही जात नाही आणि एक तृतीयांश मतदार बेवारसही राहत नाहीत.

नोव्हेंबर १९४७च्या सार्वमतात सुमारे ९ लाख ३५ हजार मते पद्धत रद्द करण्याच्या बाजूने आणि ५ लाख ८६ हजार विरोधात पडली. एवढ्या मोठ्या फरकाने लोकांनीच ती नाकारली, मग वाद कसला, असे विचारले जाते. लोकांचा तो अधिकार नाकारता येणार नाही. परंतु या सार्वमताची रचना पाहावी. ज्या नियमाने अल्पमतांना त्यांचा वाटा मिळतो, त्या नियमाचे भवितव्य साध्या बहुमतावर सोडले, तर सर्वाधिक लाभ होणारे मतदार त्याचे रक्षण करण्याइतके कधीच नसतात. परिणाम पुढच्या निवडणुकीत दिसला. १९४९मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची मते ५९ टक्क्यांवरून ५२.६ टक्क्यांवर घसरली आणि जागा मात्र २५पैकी २४ झाल्या. जवळजवळ निम्म्या शहराच्या वतीने बोलायला एक रिपब्लिकन सदस्य उरला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातले काही अगदीच परके नाही. राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार याच पद्धतीने मत देतात. २०२२च्या जूनमध्ये कोटा आणि दुसऱ्या पसंतीची मते यांची गणिते घरोघरी मांडली गेली होती. महापालिकांतली बहुसदस्यीय प्रभाग पद्धत मात्र याच्याशी जोडू नये. तिथे मतदार प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी वेगळे मत देतो आणि प्रत्येक जागा सर्वाधिक मतांनीच ठरते, म्हणून एकाच पक्षाचे सबंध पॅनेल निवडून येऊ शकते. गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट अशी, की त्याच महापालिकेत स्थायी समितीवर सदस्य नेमताना कायदा पक्षांच्या ‘तौलनिक संख्याबळा’चा आधार घेतो. नगरसेवकांमध्ये वाटणी करताना जे तत्त्व आपण न्याय्य मानतो, ते नगरसेवक निवडणाऱ्या मतदाराला लागू करण्याची मागणी क्वचितच ऐकू येते.

पुढच्या लेखांकात सिनसिनाटी पाहू. तिथे ही पद्धत १९२५पासून चालली, रद्द करण्याचे चार प्रयत्न तिने परतवले आणि पाचवा प्रयत्न १९५७मध्ये यशस्वी झाला. त्या वेळी प्रचारात कम्युनिस्टांची नव्हे, तर थिओडोर बेरी हे कृष्णवर्णीय सदस्य महापौर होतील की काय, याची कुजबुज चालली होती.