ध्वनिमुद्रिकेवरचा डाग

शिवाजीनगर म्हटले की मराठी श्रोत्याला पुणे आठवते; पण बेंगळुरूतही एक शिवाजीनगर आहे. इंग्रजी अमदानीत ब्लॅकपल्ली या नावाने ओळखली जाणारी ही छावणीच्या हद्दीतील वस्ती. तेथे १९२७ साली उभी राहिलेली रसेल मार्केटची इमारत आहे, जवळच सेंट मेरी बॅसिलिका आहे, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतून मोटारींच्या सुट्या भागांचा नि मोडीचा बाजार भरतो. मोडीच्या बाजारात वस्तू वजनावर येते आणि ओळखीवर जाते. अशा एखाद्या बाजारातून, किंवा त्याहूनही अधिक वेळा, जुने घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून, ग्रामोफोनच्या तबकड्यांचा गठ्ठा हाती येतो. घर बेंगळुरूतील मराठी कुटुंबाचे असेल, तर त्या गठ्ठ्यात बालगंधर्व असतात, हिराबाई बडोदेकर असतात, म्हैसूरच्या दरबारात गायलेले अब्दुल करीम खाँ असतात, आणि शेजारधर्माला जागून चार-दोन कर्नाटक संगीताच्या तबकड्याही असतात.

गठ्ठा उघडला की आनंदाच्या मागोमाग डाग दिसू लागतात. कोणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट ठसा, पावसाळ्यांनी धरलेली पांढुरकी बुरशी, दुकानदाराने चिकटवलेली किमतीची चिठ्ठी, फाटक्या वेष्टनावरून सरकलेल्या चिकटपट्टीचा पिवळा गोंद. अशा वेळी हात घरातील सर्वांत जवळच्या बाटलीकडे जातो. २०२० सालच्या साथीपासून ही बाटली बहुधा हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाची असते, आणि तिच्यात मुख्यतः अल्कोहोल असते. कापसाचा बोळा त्यात बुडवून तबकडीवर फिरवला की डाग खरोखरच निघतो. बोळा काळा होतो, आणि पुसणाऱ्याला वाटते की मळ निघाला. वस्तुतः निघालेला तो काळा पदार्थ पुष्कळदा मळ नसून तबकडीच असते.

हे असे का व्हावे, हे कळण्यासाठी तबकडी कशाची घडते ते पाहिले पाहिजे. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रारंभ झाला तो १९०२ साली कलकत्त्यात. फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने गौहर जान यांचा आवाज तेव्हा मुद्रित केला. तेव्हापासून सुमारे १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत मिनिटाला ७८ फेरे घेणारी जी तबकडी आपल्याकडे विकली गेली, ती लाखेची. पळस, कुसुंब आणि बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर जगणारा एक इवलासा किडा जो राळेसारखा पदार्थ स्रवतो, तीच ही लाख. जगाला ती प्रामुख्याने भारतातूनच जात असे. न्यूयॉर्कच्या वा बर्लिनच्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या तबकडीतही छोटा नागपूरच्या रानातला अंश असे. तबकडीत लाखेपेक्षा दगडाची बारीक भुकटीच अधिक असते, आणि काळेपणासाठी काजळी. लाखेचे काम या सर्वांना एकत्र धरून ठेवण्याचे.

आता लाख कशात विरघळते, हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ नको. कोणताही जुना सुतार ते सांगेल. तो चपडा लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घालतो आणि त्या द्रवाने कपाटाला पॉलिश करतो. लाखेचा विद्रावक म्हणून अल्कोहोल इतके सिद्ध आहे. याशिवाय ती क्षारांतही विरघळते; म्हणून धुण्याचा सोडा, टाकणखार आणि अमोनिया घातलेले काच पुसण्याचे द्रव हे तिचे तितकेच शत्रू होत. स्पिरिटचा धोका निदान कोणी तरी सांगतो. सोड्याचा कोणी सांगत नाही.

लाखेचा विषय कर्नाटकात निघाला की एक गंमत आठवल्याशिवाय राहत नाही. म्हैसूर संस्थानात १९३७ साली लाखेचा एक कारखाना स्थापन झाला. तोच कारखाना १९६२ पासून मतदाराच्या बोटाला लावण्याची शाई तयार करतो. पाण्याने व साबणाने न जाणारा, शासनमान्य असा हा एकमेव डाग लाखेच्या कारखान्यातून यावा, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

दुसरी जात व्हिनाइलची. अमेरिकेत १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली. ही कृत्रिम प्लॅस्टिकची. हलकी, लवचिक, पडली तरी सहसा न फुटणारी. तिची खाच केसाहून अरुंद असते, लाखेच्या तबकडीच्या खाचेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची. अल्कोहोल बेताने वापरले तर ही तबकडी ते सोसते. पण नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन तिला विरघळवते. म्हणजे जे एकीला औषध, ते दुसरीला विष. यास्तव डाग पाहण्याआधी तबकडीची जात पाहावी. लाखेची जड असते आणि कडेवर नखाने हलकेच टिचकी मारली तर चिनी मातीच्या बशीसारखी खणकते. व्हिनाइलचा आवाज बद्द येतो. वाकवून पाहण्याचा प्रयोग मात्र करू नये. लाखेची असेल तर तो शेवटचा प्रयोग ठरतो.

साफसफाईची सुरुवात दोन्हीकडे कोरडीच असावी. मऊ कुंचला खाचांच्या दिशेने, वर्तुळाकार फिरवावा. आडवा फिरवला तर धुळीचा कण खाचेची भिंत ओरबाडतो. बुरशी असेल तर हे काम घराबाहेर, तोंडाला फडके बांधून करणे शहाणपणाचे. नंतर पाणी. बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते, आणि ते सुकले की खाचेत क्षारांचा थर ठेवून जाते. जुना डाग काढताना नवा बसतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. मोटारीच्या बॅटरीत घालण्याचे म्हणून ते सुट्या भागांच्या दुकानांत मिळते, तेव्हा शिवाजीनगरकराला त्यासाठी दूर जावे लागणार नाही. मात्र त्याच फळीवर बॅटरीचे आम्लही ठेवलेले असू शकते, तेव्हा बाटलीवरची अक्षरे दोनदा वाचावीत. त्या पाण्यात क्षार नसलेल्या सौम्य साबणद्रवाचे दोन-चार थेंब, तलम कापड, आणि शेवटी निव्वळ पाण्याचा हात. मधला कागद कोरडा राहिला पाहिजे. त्यावर गायकाचे नाव असते, रागाचे असते, क्रमांक असतो. तो वाहून गेला तर तबकडी अनाथ होते.

लाखेची तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नये. काही कंपन्यांच्या तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असे. एखाद्या बारीक चिरेतून तेथे पाणी शिरले की तबकडी फुगते. धुतलेली तबकडी उन्हात ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण ऊन आणि गरम पाणी यांनी दोन्ही जाती वाकतात.

उरला गोंद. व्हिनाइलवर तो असेल, तर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग शुद्ध पाणी यांत कापूस ओला करून तेवढ्याच जागी, थोडा वेळ, वारंवार लावावा व लगेच पाण्याने पुसावे. लाखेवर असेल, तर साबणाच्या पाण्याने जेवढा निघेल तेवढा काढावा. चिठ्ठीचा साधा डिंक निघतो. चिकटपट्टीचा रबरी गोंद दाद देत नाही. तो कोऱ्या कडेवर असेल, तर तसाच राहू देण्यात काहीही कमीपणा नाही. तबकडी ऐकण्याची वस्तू आहे, भिंतीवर लावण्याची नव्हे.

काही डाग मात्र निघतच नाहीत, कारण ते डाग नसतात. व्हिनाइलची तबकडी वर्षानुवर्षे मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिली, तर त्या पिशवीतील द्रव्य तिच्यावर धुक्यासारखे उमटते. ते धुऊन जात नाही. लाखेच्या तबकडीवर तिरप्या उजेडात करडी झाक दिसते, विशेषतः जेथे गायकाने आवाज चढवला असेल तेथे. पोलादी सुई दर बाजूला बदलावी असा त्या काळी दंडक होता. तो काटकसरी घरांनी पाळला नाही, त्याची ही नोंद. जी तबकडी घरात सर्वांत लाडकी, तिचीच ही गत सर्वांत अधिक झालेली असते. ही झीज मळ समजून घासत बसणारा माणूस उरलेला आवाजही घासून टाकतो. अनेक मुद्रणांचे मूळ धातूचे ठसे आज उपलब्ध नाहीत, तेव्हा ते तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे जेथे उरले आहे ती जागा पुष्कळदा एवढीच.

तथापि झिजलेल्या तबकडीबद्दल निराश होण्याचे कारण नाही. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांमुळे अशा ध्वनिमुद्रिकांचा जाणता वर्ग आपल्याकडे निर्माण झाला आहे. जुन्या तबकड्यांचे अंकीय रूपांतर करणारे जाणकार एक युक्ती योजतात. पोलादी सुईने खाचेची भिंत एका ठरावीक खोलीवरच झिजवलेली असते. तिच्या किंचित वर वा खाली भिंत अजून कोरी असते. म्हणून ते निरनिराळ्या जाडीच्या सुया जवळ बाळगतात, तबकडी सौम्यपणे धुतात, आणि एकेक सुई लावून पाहतात. एक सुई खरखरते, दुसरीही खरखरते. तिसरी न झिजलेल्या भागावर टेकते, आणि खरखरीतून तानपुऱ्याचा षड्ज वर येतो.